बारशाला दुपटं शिवून देताय?
आजीचं जुनं सुती लुगडं मिळतंय का ते आधी बघा. वर्षानुवर्षं धुऊन आलेला तो मऊपणा नव्या कापडाला येतच नाही. काठ जरीचा असेल तर कापून टाका, टोचतो. अस्तराला नवं सुती कापड घेतलंत तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेता. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि दुपट्याला चुण्या पडतात. थर कच्च्या टाक्यांनी जोडून धावदोरा मध्यापासून कडांकडे घाला, म्हणजे कापड मध्ये फुगत नाही. गाठ थरांच्या आत ओढून घ्या. कडेला क्रोशाची लेस हवीच असेल तर घट्ट आणि अगदी अरुंद विणा, सैल जाळीत बाळाची बोटं अडकतात. मणी, टिकल्या मात्र अजिबात नकोत.