लाटेकला फाइल सापडत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी या चुका टाळा

लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रोग्रामने ‘फाइल सापडत नाही’ असा एरर दिला की नवशिके आधी टेक लाइव्हलाच, म्हणजे लाटेक ज्या संचातून टाकतात त्यालाच, दोष देतात. खरी गडबड बऱ्याचदा त्यांनीच कधीतरी कुठून तरी उचलून बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत) चिकटवलेल्या एका ओळीत असते.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती टेक-इनपुट्स या व्हेरिएबलच्या शेवटी लिहायचा राहून गेलेल्या कोलनची चूक. लाटेकने फाइली कुठे शोधायच्या त्याची यादी या व्हेरिएबलमध्ये असते. तिथे नुसता आपल्या फोल्डरचा पत्ता लिहिला की मूळची यादी बाद होते. यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी मोकळा कोलन, किंवा मध्ये लागोपाठ दोन कोलन ठेवले, तरच त्या जागी मूळची यादी भरली जाते. म्हणून ‘.:./शैली//’ चूक आणि ‘.:./शैली//:’ बरोबर. विंडोजवर कोलनच्या जागी अर्धविराम.

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रबंध सादर करायच्या आदल्या संध्याकाळी असाच अडला होता. एरर काय, तर रिपोर्ट क्लास (अहवालाच्या मांडणीची तयार फाइल) सापडत नाही. हा क्लास लाटेकसोबतच येतो, तेव्हा इन्स्टॉलेशनच बिघडलं असणार असं तिने धरलं. कुणीतरी ‘काढून पुन्हा टाक’ म्हणालं. हॉस्टेलच्या वायफायवर कित्येक जीबी उतरवून झाले, आणि एरर जसाच्या तसा! चुकीची ओळ असलेली बॅशआरसी तिच्या होम फोल्डरमध्ये होती. टेक लाइव्ह काढल्याने त्या फाइलला धक्काही लागत नाही. माझ्याकडे आल्यावर मी आधी केपीएसई-व्हिचला (लाटेकला एखादी फाइल कुठे सापडते ते सांगणाऱ्या कमांडला) रिपोर्ट क्लासचा पत्ता विचारायला लावला. उत्तर रिकामं. मग त्याच टर्मिनलमध्ये टेक-इनपुट्स अनसेट (रद्द) करून पुन्हा विचारलं, तर पत्ता लगेच आला. एका कोलनपायी अख्खी संध्याकाळ गेली. मला राग त्या मुलीचा नाही, न तपासता ‘पुन्हा टाक’ सांगणाऱ्यांचा येतो.

टेक-इनपुट्स मी बॅशआरसीत लिहीतच नाही. प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये (प्रकल्प तयार करायच्या कमांडच्या फाइलीत), लाटेकच्या कमांडच्या आधी त्याच ओळीत लिहितो. ते तेवढ्या वेळेपुरतंच लागू होतं. नेहमीच्या शैली-फाइली (मांडणीचे नियम असलेल्या) टेक-एमएफ-होममध्ये, म्हणजे स्वतःच्या फाइलींसाठीच्या फोल्डरमध्ये, ठेवतो. लिनक्सवर ते बहुधा होम फोल्डरमधलं टेक-एमएफ असतं. मात्र फाइल थेट त्यात टाकू नका. आत टेक, त्यात लाटेक अशी फोल्डरं करून मग ठेवा.

दुसरी चूक शॉर्टकटची. दोन तिरक्या रेघा म्हणजे ‘आतल्या सगळ्या फोल्डरांतही शोध’. मग काहीजण अख्खं होम फोल्डरच देऊन टाकतात. शोध रेंगाळतो, पण ते सोडा. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर कोणती उचलली जाईल याची हमी नाही, कारण उपफोल्डरांचा क्रम ठरलेला नसतो. तुम्ही शैली-फाइल बदलत बसता आणि लाटेक बॅकअपमधली जुनीच वाचत असतो. पीडीएफमध्ये बदल दिसेना झाला की लॉग (लाटेकने केलेल्या कामाची नोंद-फाइल) उघडा; वाचलेल्या शैली-फाइलींचा पत्ता तिथे कंसात असतो. एवढं वाचायचाही धीर नसेल, तर व्हेरिएबलच्या वाटेला जाऊ नका.

बाकीच्या थोडक्यात. वेगळ्या ओळीत, एक्स्पोर्ट न करता नुसती किंमत दिली, तर ती शेलपुरतीच (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामपुरतीच) राहते, लाटेकपर्यंत पोचत नाही. मॅकवर डॉकमधून उघडलेला एडिटर तुमच्या शेलच्या फाइली वाचत नाही; टर्मिनलमध्ये चालतं आणि एडिटरमध्ये नाही, ते यामुळेच. संदर्भसूचीच्या फाइलींसाठी बिब-इनपुट्स वेगळं असतं. टेक लाइव्ह स्वतः टाकली असेल तर तिचा पत्ता पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या जागांच्या यादीत) पुढे ठेवा, नाहीतर डिस्ट्रोची (लिनक्सच्या वितरणाची) जुनी आवृत्ती चालेल. लिनक्सवर, नावाने मागितलेला देवनागरी फॉन्ट झीटेक (युनिकोड लिपींसाठीचा टेकचा प्रकार) फॉन्टकॉन्फिग या फॉन्ट शोधणाऱ्या यंत्रणेकडून शोधतो, तिथे फॉन्टांचा पत्ता देणाऱ्या ओएस-फॉन्ट-डिर या व्हेरिएबलचा उपयोग नाही. लॉगच्या ओळी ७९ अक्षरांवर तुटतात. मॅक्स-प्रिंट-लाइन या व्हेरिएबलची किंमत १००० करा, लांब पत्ते सलग वाचता येतील.

आणि लाटेकला कुठे फाइल लिहू द्यायची ते ठरवणाऱ्या ओपनआउट-एनीची किंमत ‘ए’ (म्हणजे कुठेही) करू नका. मूळची किंमत वरच्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही म्हणून लोक तसं करतात. मग दुसऱ्याकडून आलेली एखादी टेक फाइलही, तुम्हाला जिथे लिहायची परवानगी आहे तिथे कुठेही लिहू शकते. त्यापेक्षा प्रकल्पाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये जाऊन कमांड चालवा.