स्मोकी आय: काळा रंग सगळ्यात शेवटी

मी मेकअप केलेली पहिली नवरी गंगाखेडजवळच्या एका गावातली. मे महिना, पत्र्याची खोली, बाहेर वऱ्हाड येऊन टेकलेलं. फाउंडेशन छान बसलं होतं. मग मी काळी आयशॅडो घेतली आणि पाच मिनिटांत अर्धी डोळ्यांवर, अर्धी गालांवर. पुसायला गेले तर खालचा बेसही निघाला. दारातली आजी म्हणाली, "अगं माय, लेकराला मारलं का कोणी?"

कोर्समध्ये आम्ही सगळा सराव एसीत, रिंग लाइटसमोर केला होता. पावडर खाली झडते, म्हणून गडद डोळे करायचे असतील तर डोळे आधी आणि बेस नंतर, हे तिथे सांगितलंही असेल. मला कळलं ते त्या आजीमुळे.

नव्याने शिकणाऱ्या मुली स्मोकी म्हणजे काळं असं धरून चालतात. स्मोकी म्हणजे धुरासारखं. चुलीचा धूर आठवा. जाळापाशी दाट, वर जाईल तसा विरळ, आणि कुठे संपला ते दाखवता येत नाही. डोळ्यावर तेच करायचं असतं. पापणीच्या केसांपाशी सगळ्यात गडद आणि भुवईकडे जाताना विरत जाणारं.

आधी पापणीवर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारं क्रीम, नसेल तर कन्सीलरचा (डाग झाकायच्या क्रीमचा) अगदी पातळ थर. त्यावर मॅट (बिनचमकीचा) ब्राऊन, त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद, फुगीर ब्लेंडिंग ब्रशने क्रीजमध्ये, म्हणजे पापणीच्या घडीत. ब्रश दांडीच्या टोकाकडे धरा. जवळ धरला की हात जड पडतो. गाडीची काच पुसतो तसा ब्रश मागे-पुढे फिरवायचा. मग काजळ पेन्सिल पापणीच्या केसांना चिकटून ओढायची आणि ती वाळायच्या आत छोट्या ब्रशने वर पसरवायची. काळी पावडर सगळ्यात शेवटी, जरा झटकून, फक्त त्या काजळावर आणि बाहेरच्या कोपऱ्यात, थापून. तिची कड पुन्हा त्याच ब्राऊनने मोडायची. वेळ खरा इथे लागतो, आणि नवी मुलगी घाई नेमकी इथेच करते.

दर दोन मिनिटांनी नवरीला डोळे उघडून समोर बघायला सांगा. पापणी जड असेल तर मिटल्या डोळ्यावर केलेली सगळी कारागिरी घडीत गडप होते. अशा डोळ्यांना ब्राऊन घडीच्या जरा वर न्यावा लागतो.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे हळद. आदल्या दिवशी लावलेली हळद पापण्यांच्या कडेला आणि भुवयांत राहते, आणि त्या पिवळ्यावर जांभळा रंग मळकट दिसतो. मी आधी क्लिन्झिंग बामने ती काढते, मग कोरड्या टिश्यूने तेलकटपणा टिपते. तेल राहिलं तर शॅडो तासाभरात घडीत गोळा होते.

निखळ काळा स्मोकी मी लग्नाच्या विधीसाठी करत नाही. मुंडावळ्या, नथ, पैठणी एवढं सगळं असताना डोळे भांडायला लागतात. तिथे ब्राऊन किंवा वांगी रंग बरा, काळा रिसेप्शनला. फोटोग्राफर मात्र "अजून गडद करा" म्हणणारच. त्याच्या पांढऱ्या लाइटखाली रंग फिका पडतो, हेही खरं आहे, म्हणून लाइट गेली नसेल तर एकदा तिथे उभं करून बघावं. बाकी बसायची जागा खिडकीसमोरच.

काजळ पेन्सिलला प्रत्येकीआधी नव्याने टोक करायचं, मस्करा डिस्पोजेबल ब्रशनेच लावायचा. डोळे आलेले असतील तर पैसे सोडा, पण ब्रश लावू नका.

पाठवणीला सगळ्या रडतात. वॉटरप्रूफ काजळसुद्धा चोळल्यावर पसरतं. "पुसू नको, टिपून घे" असं मी नवरीला सांगायचे. ती पदरानेच पुसायची. आता टिश्यू करवलीच्या हातात देते.