परदेशात पासपोर्ट संपला तर घाबरू नका

आमचा भाचा तासगावचा, दुबईत नोकरीला, आणि पासपोर्ट संपलेला त्याला कळलं तिकीट काढताना. असं झालं तर आधी शांत व्हा, संपलेल्या पासपोर्टवर विमानात बसवत नाहीत पण तो रिन्यू करायला भारतात यायची अजिबात गरज नसते. आहात त्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे री-इश्यूचा अर्ज करायचा, ऑनलाइन फॉर्म भरून, जुना पासपोर्ट, फोटो, तिथल्या व्हिसाची कॉपी घेऊन जायचं. कधीकधी पोलीस व्हेरिफिकेशन भारतातल्या घरच्या पत्त्यावर येतं, म्हणून घरच्यांना आधीच फोन करून सांगा, नाहीतर दारात पोलीस बघून आईचा जीवच जायचा.

घरी कोणी सिरीयस असेल आणि थांबायला वेळच नसेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मागा. पण ते फक्त भारतात यायला, एकदाच चालतं, परत जायला नवा पासपोर्ट लागणारच.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, त्यात व्हिसा चालू असेल तर तो जुना पासपोर्ट टाकू नका हं, जुना-नवा दोन्ही जवळ ठेवा. आणि लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो, मोठ्यांसारखा 10 नाही, आजच काढून तारीख बघा.