भोसरीच्या वर्कशॉपमधून चाकणच्या प्लँटमध्ये

भोसरी एमआयडीसीत मी अकरा वर्षं काढली, दोन वर्कशॉपमध्ये. पहिल्यात आम्ही सात जण होतो, दुसऱ्यात चौदा. लेथ चालवायचा, जिग-फिक्श्चर (मशीनवर नग पक्का धरून ठेवणारी साधनं) दुरुस्त करायची, माल तपासायचा आणि वेळ पडली तर टेम्पोत बसून पोचवायलाही जायचं. मग चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मोठ्या प्लँटच्या टूलरूममध्ये, म्हणजे अशी साधनं सांभाळणाऱ्या विभागात लागलो. माझ्यासारखे जे कुणी असे जाणार असतील त्यांना आधी एवढंच सांगतो: पहिले तीन महिने हात आवरा.

दुसऱ्याच महिन्यात नाईट शिफ्टला एका फिक्श्चरची लोकेटिंग पिन (नग नेमक्या जागी बसवणारी खुंटी) झिजलेली दिसली, जॉब म्हणजे बनत असलेला नग हलत होता. मी नवी पिन ग्राइंड करून बसवली, बोअर (नगातलं भोक) मापात आला, वीस मिनिटांत लाइन सुरू. वर्कशॉपमध्ये शेठनी पाठ थोपटली असती. इथे सकाळी क्वालिटीने रात्रीचा सगळा लॉट होल्डला टाकला. खराब नग एकही निघाला नाही, पण प्रत्येक नग पुन्हा मोजावा लागला आणि त्यासाठी चार जण शिफ्ट संपल्यावर थांबले. त्यांच्यासमोर उभं राहताना मला फार वाईट वाटलं.

कारण नंतर क्वालिटीच्या इंजिनिअरने समजावलं. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यांतलं काहीही बदललं की त्याला फोर एम चेंज म्हणतात. त्याची नोंद करायची आणि बदलानंतरचा पहिला नग क्वालिटीकडून पास करून घ्यायचा. सहा महिन्यांनी गाडीवाल्या कंपनीची तक्रार आली, तर पिन कोणत्या नगापासून बदलली हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर सगळाच माल संशयात येतो. तोपर्यंत मला वाटायचं, फॉर्म भरायला लावतात म्हणजे यांचा आपल्यावर विश्वास नाही. वर्कशॉपमध्ये 'पिन कधी बदलली?' हे शेठ मलाच विचारायचे आणि मला आठवायचं. तीन शिफ्टमध्ये शेकडो माणसं असतील तर कुणाच्या आठवणीवर चालणार? म्हणून आता मी आधी शिफ्ट इंजिनिअरला फोन करतो, मग हात लावतो. शिफ्ट सोडताना वहीत लिहितो: काय केलं, काय राहिलं, स्टोअरमधून कोणता स्पेअर घेतला. 'मशीन ठीक केलं' असं लिहू नका, पुढच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

मशीन उघडण्याआधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, नावाचा टॅग लावायचा आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. भोसरीत आम्ही 'बटण बंद कर रे' असं ओरडून आत हात घालायचो. ती सवय पहिल्या दिवशीच सोडा. इथे कुणी घाई केली तरी कुलूप सोडू नका.

स्वतःचा व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) नेऊ नका. मी नेला होता. गेटवर नोंद झाली, पण कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप बरोबर दाखवतो हे तपासल्याचं स्टिकर नाही म्हणून वापरू दिला नाही. एंडमिल (मिलिंगचा कटर) संपला तर हार्डवेअरवाल्याला फोन करून अर्ध्या तासात मागवता येत नाही. आधी मागणी, मग मंजुरी, कोटेशन, पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर. म्हणून शेवटचे दोन उरण्याची वाट न पाहता, माल यायला किती दिवस लागतात ते स्टोअरला विचारून तेवढं आधी सांगा. स्टोअरमधल्या माणसाशी ओळख ठेवा, त्याच्याकडून जे कळतं ते प्रोसीजरच्या फाइलीत सापडत नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते एकाच कामात अडकणं. सगळं करणारा माणूस फक्त फिक्श्चर बघतो, तेव्हा आपण छोटे झालो असं वाटतं. मी सुपरवायझरला विनंती करून असेंब्ली लाइन बघून आलो, आपला पार्ट कुठे बसतो ते पाहिलं. तुम्हीही जा. मापात चूक झाली तर पुढे कुणाचे हात अडतात ते डोळ्यांनी दिसतं.

आता कागद. पूर्वी पीएफ कापला जात असेल तर जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, नवा काढू देऊ नका, आणि जुनी रक्कम ट्रान्सफर करून घ्या. आर्थिक वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीचा पगार नव्या कंपनीच्या अकाउंट्सला कळवा, नाहीतर दोन्हीकडे सूट धरली जाते आणि रिटर्न भरताना टॅक्स अंगावर येतो. मेडिक्लेममध्ये घरच्यांची नावं घालायची मुदत पहिल्याच आठवड्यात विचारा. आईच्या ऑपरेशनला शेठनी त्याच संध्याकाळी उचल दिली होती, इथे तसं कुणी देणार नाही. आई-वडिलांची नावं पॉलिसीत बसतात का, ते एचआरकडून लेखी घ्या. आणि जुनी नोकरी सोडण्याआधी अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागून घ्या. बऱ्याच छोट्या वर्कशॉपमध्ये स्लिपा बनवतच नाहीत, तेव्हा निदान पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक भरून ठेवा.