हंटिंग रायफलचा स्कोप: घेताना, बसवताना आणि नंतर सांभाळताना

नवीन रायफल घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती पॉवरचा स्कोप घेऊ? माझं मत विचाराल तर पॉवर हा सगळ्यात शेवटी बघायचा मुद्दा आहे. गोळी भलतीकडे जाते म्हणून लोक स्कोप बदलत बसतात आणि खरा घोळ बहुतेक वेळा माउंटमधे, म्हणजे रिंग (स्कोपची नळी धरणारं कडं), बेस (रायफलवर बसणारा आधार) आणि स्क्रू यांच्यातच असतो. त्यामुळे बजेट ठरवताना माउंटचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात स्कोप.

आता आकडे. स्कोपवर ३-९x४० असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दिसणार आणि पुढची लेन्स ४० मिलिमीटरची. झाडीत, जवळच्या अंतरावर शिकार असेल तर १-४ किंवा १-६ भरपूर झालं, कारण जनावर ५० मीटरवर असताना नऊ पॉवरला नुसती केसाळ भिंत दिसते, खांदा कुठे आणि पोट कुठे काही कळत नाही. मोकळं रान असेल तर ३-९, फार तर ४-१२. त्यापुढचे पॉवर टार्गेटवाल्यांना ठीक आहेत, पण शिकारीत हात जरा हलला की चित्र सगळं नाचायला लागतं आणि दिसणारा भाग एवढासा होतो की जनावर शोधण्यातच वेळ जातो.

पुढची लेन्स मोठी तर उजेड जास्त, हे अर्धंच खरं आहे. लेन्सचा आकार भागिले पॉवर केलं की मागच्या बाजूने डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या गोलाचा व्यास मिळतो. ४० च्या लेन्सला नऊ पॉवरवर तो साधारण ४.४ मिलिमीटर येतो आणि सहावर जवळजवळ ६.७. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. म्हणजे संध्याकाळी अंधुक दिसतंय म्हणून झूम वाढवण्यापेक्षा थोडा कमी करून बघा, चित्र उजळ होतं. ५६ ची मोठी लेन्स लावली तर रिंगा उंच घ्याव्या लागतात, मग दस्त्यावर गाल नीट टेकत नाही आणि दर वेळी मान वेगळ्याच उंचीवर येते. त्यापेक्षा ४० किंवा ४२ ची चांगली कोटिंग असलेली लेन्स केव्हाही बरी, फुली मल्टिकोटेड लिहिलंय का तेवढं बघा. स्कोपची ३० मिलिमीटरची नळी एक इंचीपेक्षा जास्त उजेड देते असंही सांगतात, तसं काही नाही, जाड नळीत मुख्यतः रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या रेघा, वर-खाली करायला जागा जास्त मिळते.

रेटिकल साधंच घ्या. बाहेर जाड आणि मध्यभागी बारीक होणाऱ्या रेघा संध्याकाळीही पटकन दिसतात. ख्रिसमस ट्रीसारखं ठिपक्यांचं जाळं फोटोत भारी वाटतं, रानात गोंधळ. फर्स्ट फोकल प्लेन असेल तर झूमबरोबर रेटिकल लहानमोठं होतं आणि त्यावरच्या खुणांची मापं कुठल्याही पॉवरवर बरोबर येतात, पण कमी पॉवरवर रेघा इतक्या बारीक होतात की झाडीत हरवतात. सेकंड फोकल प्लेनमधे रेघ तेवढीच राहते, फक्त खुणांची मापं एका ठराविक पॉवरलाच खरी, सहसा सगळ्यात मोठ्या. साध्या शिकारीला दुसरा प्रकार पुरतो.

स्प्रिंगवाली एअरगन असेल तर मात्र थांबा, तिचा धक्का दोन्ही दिशांना बसतो आणि भल्या मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप तिच्यावर खिळखिळा होऊ शकतो. एअरगनसाठी बनवलेलाच घ्या.

बसवणं. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री, मॅगझिन बाहेर, बोल्ट काढून बाजूला. बेसचे स्क्रू आणि त्यांची भोकं तेल जाईपर्यंत पुसा, बेसच्या स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा. रिंगच्या वरच्या स्क्रूला तो शक्यतो लावू नका, ओल्या आट्यांवर स्क्रू जास्त सहज फिरतो आणि तेवढ्याच टॉर्कला नळी जास्त आवळली जाते. पिकाटिनी रेलवर (आडव्या खाचांच्या बेसवर) रिंग ठेवली की ती रायफलच्या नळीच्या तोंडाच्या दिशेने पुढे ढकलून मगच आवळा, नाहीतर पहिल्या काही गोळ्यांच्या धक्क्याने स्वतःच सरकते आणि तुम्ही टरेट, म्हणजे रेटिकल सरकवायची बटणं, फिरवत बसता. रिंगच्या स्क्रूंना साधारण १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे दोन न्यूटन मीटरच्या आसपास, तरी बनवणाऱ्याने दिलेला आकडा अंतिम. टॉर्क पाना विकत घ्याच. हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांनी नळ्या चेपल्याचं मी बऱ्याचदा बघितलंय, आणि चेपलेल्या नळीला इलाज नाही.

पूर्ण आवळायच्या आधी डोळ्याचं अंतर जुळवा. झूम सगळ्यात जास्त ठेवा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप पुढेमागे सरकवा. सगळं चित्र भरून दिसेल तिथे थांबा. साधारण ८ ते १० सेंटिमीटर अंतर येतं, धक्का मोठा असेल तर यात कंजूषी नको, स्कोप लागून भुवईवर अर्धचंद्र उमटतो तो यामुळेच. जाड जॅकेट घालून शिकारीला जाणार असाल तर ते घालूनच हे करा. मग रेटिकल सरळ उभं आहे का बघायला लांबवर ओळंबा टांगा. शेवटी मागची फोकस रिंग पांढऱ्या भिंतीकडे बघून जुळवायची, एकेक सेकंद बघायचं आणि नजर काढायची कारण टक लावली की डोळा स्वतःच जुळवून घेतो. सूर्याकडे स्कोप कधीच नाही.

झिरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवताना, सुरुवात २५ मीटरवर. बोल्ट काढलेल्या रायफलच्या नळीतून टार्गेट मधोमध दिसेल अशी रायफल टेकूवर स्थिर करा आणि ती न हलवता रेटिकल तिथे आणा, मग बोल्ट घालून गोळी मारा. टरेटचे क्लिक एमओए किंवा मिल या कोनाच्या मापांत असतात. पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर सरकवतो, ०.१ मिलचा १ सेंटिमीटर. २५ मीटरवर तेवढंच सरकायला चौपट क्लिक लागतात, इथे नवखे लोक गडबडतात. नंतर १०० वर जा, तीन गोळ्यांचा गट मारा, गटाचा मध्य बघून टरेट फिरवा, एकेका गोळीमागे धावू नका. मधे बॅरल थंड होऊ द्या, शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच जाते. गोळ्यांचा ब्रँड किंवा वजन बदललं की पुन्हा झिरो.

ज्यांच्याकडे स्कोप नाही, नुसती माशी (रायफलच्या पुढच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) आणि मागची खाच आहे त्यांच्यासाठी एवढंच, मागचं साइट तिकडे सरकवा जिकडे गोळी जायला हवी, पुढची माशी बरोबर उलट. गोळी डावीकडे लागतेय तर मागचं उजवीकडे किंवा माशी डावीकडे.

सांभाळणं सोपं आहे, फक्त लोक जास्त हात लावतात. लेन्सवरची धूळ आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रशने, आणि डाग राहिलाच तर लेन्सचं लिक्विड कापडावर घेऊन मधून कडेकडे गोल पुसा. लिक्विड थेट काचेवर नको, काचा पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको, शर्टाचं टोक तर अजिबात नको. थंडीतून उबदार खोलीत आणल्यावर बाहेरून धुकं धरतं, ते आपोआप जातं, तोवर बंद केसमधे कोंबू नका. पण आतून धुकं दिसलं तर सील गेलं, आतला नायट्रोजन किंवा आर्गॉन निसटला, ते स्वतः उघडायचं नाही, कंपनीकडे पाठवायचं. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते म्हणून सिलिका जेल ठेवा आणि चामड्याच्या कव्हरात महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. रेटिकलला दिवा असेल तर सीझन संपल्यावर सेल काढून ठेवा.

स्क्रूंवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा, अर्धी स्क्रूवर अर्धी रिंगवर, सरकला की लगेच दिसतं. गट अचानक फाटला, म्हणजे गोळ्या पसरायला लागल्या, तर तपासायचा क्रम असा, दस्त्याचे स्क्रू, बेस, रिंगा, गोळ्या, रायफलच्या नळीचं तोंड, आणि मग स्कोप. स्कोपवरच संशय असेल तर खात्रीचा दुसरा स्कोप लावून बघा, गट सुधारला नाही तर पहिल्याचा दोष नाही. आणि जनावर शोधायला दुर्बीण वेगळी ठेवा, स्कोपमधून बघणं म्हणजे रायफलची नळी रोखणं, समोर हलणारं काय आहे हे कळायच्या आत.