माळ्यावरच्या भरलेल्या कॅसेटी: वाजवायच्या कशा, जपायच्या कशा

ठाण्याच्या नौपाड्यात, पाचपाखाडीत बिल्डिंगा एकामागून एक रिडेव्हलपमेंटला चालल्यात. घर रिकामं करायची तारीख आली की पहिली धाड माळ्यावर पडते. आमच्या माळ्यावरून पितळी घंगाळं, मोडकं शिलाई मशीन आणि बुटांच्या खोक्यांत कोंबलेल्या कॅसेटी निघाल्या. भाऊ म्हणाला, "दे भंगारवाल्याला. सगळं यूट्यूबवर आहे." गाणी आहेत, खरंय. पण आमच्या ताईने ती ज्या क्रमाने लावली तो क्रम कुठेच नाही. असं खोकं तुमच्याकडे निघालं, तर पुढचं वाचून मगच भंगारवाल्याला हाक मारा.

आधी दोन ढीग करा. कंपनीच्या छापील कॅसेटी एकीकडे, भरलेल्या दुसरीकडे. वेळ कमी असेल तर छापील ढिगाकडे बघूही नका, त्यातलं बहुतेक सगळं आज कुठे ना कुठे मिळतं. भरलेली कॅसेट म्हणजे काय हे पंचविशीतल्या मंडळींना सांगावं लागतं. कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली यादी घेऊन दुकानात जायचं. चार-पाच दिवसांनी दुकानदार तीच गाणी भरून द्यायचा. स्टेशन ते गोखले रोड या पट्ट्यात अशी दुकानं होती. यादीतलं एखादं गाणं सापडलं नाही तर दुकानदार आपल्या आवडीचं घालायचा आणि वर "ऐकून तर बघा" म्हणायचा. बाजू संपायला दोन मिनिटं उरली तर गिटारवर वाजवलेली एखादी धून. कार्डावर निळ्या शाईत नावं, खाडाखोड, कधी नुसतंच "मुकेश (दर्दभरं)". ही कार्डं कॅसेटीपासून वेगळी करू नका. कॅसेट आणि कार्ड दोन्हींवर पेन्सिलीने एकच नंबर टाका, मग पुढच्या कामाला लागा.

ते काम म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन छोट्या चिपा मोडणं. चिप मोडली की त्या कॅसेटवर नवीन रेकॉर्डिंग होत नाही. टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या मशीनमध्ये) प्ले आणि रेकॉर्डची बटणं शेजारी-शेजारी असतात आणि घरात भाचे-पुतणे असतात, एवढं कारण पुरे.

आता कॅसेट उजेडाकडे धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर काय होतं ते सांगायला नको. अशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये अजिबात घालू नका, कारण भुकटी हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि हाताळताना तोंडाला मास्क लावा. हे सगळं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढलेलं बरं.

मग खालच्या उघड्या बाजूला मधोमध बघा. तांब्याच्या रंगाच्या पातळ पट्टीवर नमद्याचा (फेल्टचा) चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो. तोच फितीला हेडवर दाबून धरतो. वर्षानुवर्षांनी त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात, कॅसेट गेली. गेलेली नसते. निरुपयोगी छापील कॅसेटमधली पट्टी काढून हिच्यात बसवायची. (आमच्याकडे यासाठी एका निवडणुकीतल्या प्रचाराची कॅसेट कामी आली. तिचा एवढाच उपयोग झाला असावा.) स्क्रूची कॅसेट असेल तर सोपं काम. स्क्रू काढा, कॅसेट ताटात आडवी ठेवूनच वरचं झाकण उचला, कुठला रूळ कुठे आहे याचा मोबाइलवर फोटो काढा. स्वस्तातल्या कॅसेटींना स्क्रू नसतात, झाकणं चिकटवलेली असतात. ती पातळ पात्याने कडेकडेने उकलावी लागतात आणि नंतर फीत स्क्रूवाल्या खोळीत हलवावी लागते.

फीत तुटली असेल तर सेलोटेप वापरू नका. त्याचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. फीत जोडायची खास चिकटपट्टी ऑनलाइन मिळते. ती नमद्याकडच्या अंगाला लावायची, हेडकडच्या अंगाला नाही.

कॅसेटवर ६० लिहिलंय की ९० तेही बघा, ती दोन्ही बाजूंची मिळून मिनिटं. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर वेगाने सरकते, म्हणजे अर्ध्या तासाच्या बाजूला जवळजवळ ८६ मीटर फीत लागते. नव्वदच्या कॅसेटला त्याच्या दीडपट. खोळ तेवढीच, म्हणून नव्वदची फीत पातळ. ती लवकर गुंतते आणि ताणलीही जाते, तेव्हा तिच्यावर सारखं फॉरवर्ड-रिवाइंड करू नका. पण सुरुवातीला एकदा, कुठलीही कॅसेट असो, वाजवण्याआधी शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करायचीच. इतकी वर्षं एकाच जागी दाबून बसलेले वेढे त्याने सुटे होतात. आधी जाडसर बॉलपेन घालून हाताने थोडं फिरवा. अडकल्यासारखं वाटलं तर कॅसेट तळहातावर हलकेच आपटा.

मशीन. घरातला जुना टू-इन-वन चालू केल्यावर नुसता गुणगुणत असेल आणि चाक फिरत नसेल तर आतला रबरी पट्टा गेलाय. पट्टा स्वस्तात मिळतो, मेहनत आहे ती जुन्या पट्ट्याचा काळा चिकट लगदा पुसून काढण्यात. असं काम करणारा म्हातारा कारागीर जुन्या गल्ल्यांत अजून सापडतो. नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोड आहेच. बाजारात येणारे नवे हलके यूएसबी प्लेअर मला पटलेले नाहीत, त्यांत गाणं लहरत जातं. हेड आणि शेजारचा धातूचा बारीक दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघेल. स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी रुळाला मात्र नुसतं ओलं फडकं.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येते. साफ केलेल्या मशीनवरही एखादी कॅसेट बोथट वाजते, कारण ती दुकानदाराच्या डेकवर भरलेली असते आणि त्याच्या डेकचं हेड तुमच्या हेडपेक्षा केसभर तिरकं असतं. फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद आणि त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे, तेव्हा केसभर फरकही पुष्कळ होतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक इवलासा स्क्रू असतो. बऱ्याच मशीनमध्ये कॅसेटचं झाकण काढलं की गाणं चालू असतानाच तो फिरवता येतो. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. कान तबल्यावर ठेवायचा. डग्ग्याचा घुमारा काहीच सांगत नाही, चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, आवाज ऐकायचा. स्क्रू योग्य जागी आला की चाट एकदम टणक होते, गाणाऱ्याचा "स" धारदार लागतो आणि खोलीतलं एखादं माणूस मान वर करून बघतं. प्रत्येक दुकानाच्या कॅसेटींसाठी स्क्रू वेगळ्या जागी लागतो. म्हणून एकाच ठिकाणी भरलेल्या कॅसेटी ओळीने ऐका.

गाणं सुरू व्हायच्या आधी त्याचीच पुसट चाहूल ऐकू आली तर दचकू नका. फितीच्या एका वेढ्यावरचं चुंबकन शेजारच्या वेढ्यावर उमटतं, त्याचा तो परिणाम.

कॉम्प्युटरवर घ्यायचं तर टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकाला) द्या. लॅपटॉपला ते नसतं, त्याला लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लावा. माइकच्या भोकात घातलंत तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. डब्ल्यूएव्ही फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. साठच्या कॅसेटला साधारण ६०० एमबी लागतात, आणि आजच्या पेनड्राइव्हला त्याचं काही ओझं नाही. रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी लाल रंगाला शिवू देऊ नका.

एक विनंती मनापासून करते: गाणी तोडून वेगवेगळ्या फाइली करू नका. पूर्ण बाजू एका फाइलमध्ये ठेवा. रेडिओवरून भरलेल्या कॅसेटीत 'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाच्या निवेदिकेने वाचलेली गावांची आणि माणसांची नावं असतात, अमीन सयानींचा आवाज अर्ध्या वाक्यात कापलेला असतो. बाबांनी गडकरी रंगायतनमध्ये मांडीवर छोटा टेप ठेवून एक मैफल भरली होती. गायकापेक्षा शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांची दाद त्यात जास्त स्पष्ट आहे. खरखर कमी करायचं बटण दाबलंत की तो हॉलही पुसला जातो. मी ते बटण वापरत नाही.

ताईच्या एका कॅसेटवर तलत महमूदनंतर कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन आहे आणि त्याला चिकटून पंचमचं (आर. डी. बर्मनचं) कॅबरे. मी यावर बराच विचार केला, त्यात मला खोल अर्थही दिसला. शेवटी वाशीला फोन लावला. ताई म्हणाली, "अगं, साडेतीन मिनिटंच उरली होती. तेवढ्यात बसणारं तेच एक होतं." आणि तिने क्रम तोंडपाठ म्हणून दाखवला, भजनाच्या शेवटी कुठे खट्ट वाजतं त्या जागेसकट. आज मूळ भजन कुठे ऐकलं तरी त्यानंतर आम्हा दोघींना कॅबरेच ऐकू येतं.

कार्डावर नाव नसलेलं गाणं मोबाइलवरच्या अॅपला ऐकवा. ओळखलं नाही तर मशीनचा वेग चुकला असण्याची शक्यता आहे. ऑडॅसिटीत फाइलची प्रत घेऊन वेग थोडा कमी-जास्त करा आणि पुन्हा ऐकवा. मराठी भावगीत असेल तर ध्रुवपदाची ओळ 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर शोधा, कवी आणि संगीतकार दोन्ही मिळतात. तरीही अडलं तर सोसायटीच्या ग्रुपवर तीस सेकंद टाका. आमच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडणारी दोन माणसं एका अंतऱ्यावरून पहिल्यांदाच एकमताने बोलली. कॅसेट कोणी दिली होती हे मात्र कोणालाही विचारू नका. माझ्याकडेही कॉलेजातली एक आहे. ती नवऱ्याने दिलेली नाही आणि तिच्यावर नंबर टाकलेला नाही.

फाइलचं नाव साधं ठेवा: कॅसेटचा नंबर, बाजू, कोणी भरली, अंदाजे साल. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. मूळ कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, स्पीकरपासून आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब. भाड्याच्या घरात जाताना हे खोकं टेम्पोत चढवू नका, हातात घेऊन रिक्षाने जा. आणि चारी बाजूंनी जाड मार्करने "फेकू नये" लिहा. भाऊ सामान हलवायला येणार असेल तर झाकणावरही.