येतं सगळं, पण पेपरात मार्क नाहीत? दोन रंगांची पेनं घ्या

घरी तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं, आणि चाचणीत मार्क निम्मे. आमच्या भाचीचं दहावीत हेच चाललं होतं. आणखी एक क्लास लावण्याआधी हे करून बघा.

१. पुस्तकांच्या दुकानातून (पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातून) जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच आणा. बोर्डाचा बीजगणिताचा पेपर ४० मार्कांचा, २ तासांचा. तेवढाच वेळ लावून निळ्या पेनाने सोडवायला बसवा.

२. दोन तास झाले की निळं काढून घ्या, हिरवं द्या. आता घड्याळ नाही. राहिलेलं लिहू दे, चुका तिच्या तिलाच शोधू दे.

३. दोन्ही रंगांचे मार्क वेगळे मोजा.

हिरवी शाई शेवटी दाटली असेल तर वेळ पुरत नाही. जागोजागी शिंपडली असेल तर घाईत प्रश्न धड वाचला जात नाही. हिरव्यातही कोरं राहिलं, तर तो भाग खरंच शिकवायला हवा. भाचीने एका मार्काच्या बहुपर्यायी प्रश्नालाही अर्धं पान कच्चं काम केलं होतं, आणि शेवटचे दोन प्रश्न अख्खे हिरवे! आता ती मोठी गणितं आधी उरकते.

फक्त ते दोन तास शेजारी खुर्ची टाकून बसू नका. आमच्या ताईला स्वयंपाकघरात पाठवावं लागलं.